'काऽपितानो' की 'कापिताऽनो': इटालियन क्रियापदातल्या चुकीच्या जोराची एक केस

मागच्या हिवाळ्यात रात्री साडेअकराला माझ्या एका विद्यार्थिनीचा व्हॉइस मेसेज आला. मुलगी सांगलीकडची, तोरीनोला मास्टर्स करतीये, घरात सोबत दोन इटालियन मुली. त्यातल्या एकीच्या हातून कप फुटला, ती हळहळायला लागली, तर हिने धीर द्यायला क्लासमध्ये पाठ केलेलं वाक्य टाकलं, "सोनो कोझे के कापिताऽनो". म्हणायचं होतं की चालायचंच, होतं असं कधी कधी. समोरची दोन सेकंद गप्प आणि मग म्हणे, "कॅप्टन? कुठला कॅप्टन?" मग दोघी हसल्या वगैरे, पण हिला काही झोप येईना. "ताई, शब्द तोच आहे ना? स्पेलिंग पण तेच ना? मग माझं चुकलं काय?"

पुढचे दोन-तीन महिने त्या एका कपाच्या नादात आम्ही इटालियन क्रियापदं पार उसवली, आणि त्यात माझी स्वतःची एक चूक पण सापडली, म्हणून ही केस जरा सविस्तर लिहितीये.

आधी एक खूण ठरवून घेऊ. ज्या अक्षरावर जोर आहे त्याच्या पुढे मी ऽ लावतीये. ऽ म्हणजे जोर, लांबवणं नव्हे. इटालियनमध्ये जोराचं अक्षर स्वरावर संपत असेल तर तो स्वर थोडा लांबतो, व्यंजनावर बंद होत असेल किंवा शब्दाच्या अगदी शेवटी असेल तर लांबत नाही.

आता तो शब्द. काऽपितानो म्हणजे गोष्टी घडतात. कापिताऽनो म्हणजे कॅप्टन. आणि कापितानोऽ म्हणजे त्याने नेतृत्व केलं. तिन्हीची अक्षरं तीच, जोर कुठे पडतो एवढाच फरक. इटालियन लोक जोराची खूण लिहितात ती मुख्यतः शेवटच्या अक्षरावर जोर असेल तेव्हाच, म्हणून तिसरा शब्द कागदावर वेगळा दिसतो, पहिले दोन मात्र डिट्टो एकसारखे. स्पॅनिशमध्ये जोर नेहमीच्या जागेवरून हलला की खूण लिहावीच लागते, तिथे वाचणाऱ्याला आधार मिळतो. इथे तुम्हाला शब्द आधीच माहीत असेल असं गृहीत धरलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला क्रियापदांची यादी पाठवली आणि सांगितलं की प्रॅक्टिस न करता सरळ वाचून रेकॉर्ड कर. ऐकताना गंमत अशी झाली की 'बोलणे' घेतलं तर पाऽर्लो, पाऽर्ली, पाऽर्ला बरोबर, 'आम्ही' पार्ल्याऽमो बरोबर, 'तुम्ही' पार्लाऽते बरोबर, आणि सहाव्या रूपाला धडाम, पार्लाऽनो. हवं होतं पाऽर्लानो. भूतकाळ घेतला, पार्लाऽवो, पार्लाऽवी, पार्लाऽवा, पार्लावाऽमो, पार्लावाऽते सगळं चोख आणि परत 'ते' आले की पार्लावाऽनो, जिथे पाहिजे पार्लाऽवानो. एखाद्या गाडीचं सहावं चाकच वाकडं असावं तसं. मला वाटलं भविष्यकाळात तर बोजवारा उडणार, पण तो तिने पूर्ण बरोबर म्हटला, पार्लेरोऽ पासून पार्लेराऽन्नो पर्यंत एक चूक नाही.

हे पहिलं दुखणं. दुसरं वेगळं निघालं. 'राहणे' या क्रियापदात तिचं एकवचनच चुकत होतं, आबीऽतो, आबीऽता, जिथे खरं आहे आऽबितो, आऽबिता. टेलिफोन करतो ला तेलेफोऽनो. आणि तिसरं म्हणजे एरे वर संपणारी मूळ रूपं. वेदेऽरे (बघणे) बरोबर, पण प्रेऽन्देरे (घेणे) चं प्रेन्देऽरे, स्क्रीऽवेरे (लिहिणे) चं स्क्रिवेऽरे.

आम्हा शिकवणाऱ्यांची सवय अशी की चूक दिसली की पहिला संशय मातृभाषेवर. मी पण तेच केलं. मराठीत जोर बदलला म्हणून अर्थ बदलत नाही, आपण ऱ्हस्व-दीर्घ आणि जड-हलकं अक्षर बघतो, त्यामुळे तिच्या कानाला जोर ऐकूच येत नसेल असं मी ठरवून टाकलं. पण मग पार्लोऽ आणि पाऽर्लो यातला फरक (त्याने बोललं आणि मी बोलतो) तिला लगेच कळत होता, म्हणूनही दाखवत होती. म्हणजे कान ठीक होता. कानाचा प्रश्न असता तर चुका कशाही पडल्या असत्या, या तर अगदी शिस्तीत एकाच जागी पडत होत्या. शिस्तीत पडणारी चूक म्हणजे कुठलातरी नियम आज्ञाधारकपणे पाळला जातोय.

मग तिच्या वहीचे फोटो मागवले. दोन गोष्टी दिसल्या. एक, ती सगळे शब्द शेजारी देवनागरीत लिहून ठेवते, आणि देवनागरीत इटालियन 'आ' लिहायचा तर काना द्यावाच लागतो, म्हणून आबितानो, पार्लानो. आता 'ता'ला काना बघितला की मराठी जीभ तिथे रेलणारच. आपल्या लिपीत छोटा आ लिहायची सोयच नाहीये. दुसरी गोष्ट जास्त वाईट. पहिल्याच पानावर लाल पेनने चौकटीत, "शेवटून दुसऱ्या अक्षरावर जोर, जवळपास नेहमी". ही ओळ तिने कुठल्या अ‍ॅपवरून नव्हती घेतली. पहिल्या आठवड्यात मीच लिहून दिली होती.

तो नियम अगदी खोटा नाही हो. मिलाऽनो, तोरीऽनो, स्पागेऽत्ती, बरेचसे शब्द तसेच आहेत. पण शहरांच्या नावांतच बघा किती तुटतो, नाऽपोली, जेऽनोवा, मोऽदेना, ऊऽदिने, बेऽर्गामो, रीऽमिनी. नामांना तरी ठीक आहे, वाचवून नेता येतं. क्रियापदाला तो लावणं मुळातच चूक, कारण क्रियापदात जोर मागून मोजून ठरतच नाही. तो शब्दाच्या बांधणीतल्या एका तुकड्याला चिकटलेला असतो आणि मागे किती शेपूट लागलं याची त्याला फिकीर नसते.

बांधणी म्हणजे काय तर पार्लावानो चे तुकडे पाडा. पार्ल हा धातू, मग आ हा जोडणारा स्वर, मग वा म्हणजे चालू भूतकाळ, मग नो म्हणजे 'ते'. या रूपात जोर जोडस्वरावर. पार्लाऽवा, पार्लाऽवानो, दोन्हीकडे त्याच आ वर, नो नुसतं मागे लटकलंय. वर्तमानकाळात ('आम्ही', 'तुम्ही' सोडून) जोर धातूवर, पाऽर्ला, पाऽर्लानो. आता शेवटून मोजायला गेलात तर एकदा दुसरं अक्षर, एकदा तिसरं, आऽबितानो मध्ये चौथं, असा सगळा गोंधळ दिसतो. पुढून बघितलं तर काहीच हललेलं नाही.

म्हणून तिला मी जो नवीन नियम दिला तो एवढाच: 'ते'चं रूप म्हणजे 'तो'चं रूप अधिक शेपूट, जोर जिथल्या तिथे. आऽबिता, आऽबितानो. प्रेऽन्दे, प्रेऽन्दोनो. पार्लेरेऽब्बे (तो बोलला असता), पार्लेरेऽब्बेरो. स्क्रीऽस्से (त्याने लिहिलं), स्क्रीऽस्सेरो. दा, फा, वा, स्ता या एकाक्षरींना पण चालतो, दाऽन्नो, फाऽन्नो, वाऽन्नो, स्ताऽन्नो. पार्लोऽ चं पार्लाऽरोनो होतं तेव्हा स्वर बदललेला दिसतो पण जागा तीच, धातूच्या लगेच मागची. एकटं 'आहे'चं रूप, ए आणि सोऽनो, यात बसत नाही, ते बऱ्याच भाषांत नियमात बसत नाही.

आणि भविष्यकाळ तिला का येत होता? कारण तो मुळात दोन शब्दांचा चिकटून झालेला एक शब्द आहे, मूळ रूप आणि पुढे 'असणे-जवळ असणे' वाल्या क्रियापदाचा वर्तमानकाळ. पार्लारे आणि ओ मिळून पार्लेरोऽ, पार्लारे आणि आन्नो मिळून पार्लेराऽन्नो. जोर त्या मागून आलेल्या शब्दाचा. आन्नो मध्ये न दोनदा असल्यामुळे जोर आपोआप शेवटून दुसऱ्यावर बसतो, म्हणजे माझ्या चुकीच्या नियमाने पण उत्तर बरोबरच येत होतं. चुकीच्या नियमाचा हाच त्रास, अधूनमधून पास होत राहतो.

इथे तिने विचारलं की ठीक आहे, पण हे असं का? नो लावलं, एक अक्षर वाढलं, तर जोर सरकायला काय होतं. तिला उत्तर देताना मला आपल्या शाळेतलं वृत्त आठवलं, आणि खरं सांगते, इतकं फिट्ट बसतं की मलाच मजा आली. लॅटिनमध्ये जोराचा नियम चक्क लघु-गुरूचा होता. शेवटचं अक्षर मोजायचंच नाही. त्याच्या आधीचं अक्षर गुरू असेल तर जोर तिथे, लघु असेल तर आणखी एक घर मागे. आणि गुरू कधी, तर स्वर दीर्घ असेल किंवा पुढे जोडाक्षर येत असेल तेव्हा, एखाददुसरा अपवाद सोडला तर आपण भुजंगप्रयातात खुणा करतो तशाच करायच्या. आता 'ते राहतात'चं लॅटिन रूप हाबितान्त घ्या, मधलं 'बि' लघु, म्हणून जोर मागे 'हा'वर. 'तो काम करतो' लाबोरात, मधला ओ दीर्घ, गुरू, म्हणून जोर तिथेच. आज इटालियनमध्ये आऽबिता आणि लावोऽरा असे दोन वेगळे साचे का, याचं उत्तर ते दोन हजार वर्षं जुनं लघु-गुरू आहे.

पुढे दोन गोष्टी झाल्या. लॅटिनचे ऱ्हस्व-दीर्घ बोलण्यातून गेले, त्यामुळे नियम लावायला आधारच उरला नाही, पण जोर होता तिथेच राहिला, घर पाडलं तरी उंबरा राहावा तसा. आणि शेवटच्या 'न्त'मधला त गळला, उरलेल्या न ला टेकू म्हणून मागे ओ आला. म्हणजे पाऽर्लानो मधलं ते शेवटचं अक्षर नंतर येऊन बसलेलं आहे, जोराची वाटणी झाली तेव्हा ते हजरच नव्हतं! म्हणूनच कवितेत आणि ऑपेराच्या ओळींत ते बिनधास्त कापतात, पाऽर्लान, आन्दाऽवान, आणि कोणाला काही खटकत नाही. स्पॅनिशने तो ओ कधी लावलाच नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्नच येत नाही.

एरे वाल्यांचं कोडं पण तिथेच सुटतं. लॅटिनमध्ये दोन वेगळे गट होते, एकात ए दीर्घ, एकात ऱ्हस्व. दीर्घवाल्यांचे वेदेऽरे, तेमेऽरे, आवेऽरे झाले, ऱ्हस्ववाल्यांचे स्क्रीऽवेरे, लेऽज्जेरे, पेऽर्देरे. आज दोन्ही एकाच गटात कोंबलेत आणि स्पेलिंगवरून ओळखता येत नाहीत. वर मध्येच काहींनी पक्ष बदलला, लॅटिनमध्ये ऱ्हस्व असलेलं 'पडणे' आता कादेऽरे आहे आणि दीर्घ असलेलं 'हसणे' आता रीऽदेरे. इथे मी हात टेकले आणि तिला सांगितलं की हे पाठच कर, इलाज नाही.

उपचाराचा पहिला प्रयत्न फसला. मी म्हटलं, तुझ्या वहीतला काना त्रास देतोय ना, मग तो काढून टाक, आऽबितनो लिही. तिने लिहिलं, आणि आठवड्याने काय ऐकते तर आऽबित्नो. अर्थात. आपण करतात लिहितो आणि कर्तात म्हणतो, मधला अ गिळायची आपली जन्माची सवय, चार सिलॅबलचे तीन झाले. इटालियनमध्ये जोर नसलेला स्वर सुद्धा पूर्ण उच्चारावा लागतो, आ, बि, ता, नो, चारही स्वच्छ, फक्त पहिला जरा वजनदार. म्हणजे मी एक चूक काढून दुसरी घातली. काना परत आणला आणि त्याऐवजी टाळी ठेवली. 'तो'चं रूप म्हणायचं, जोरावर टाळी, लगेच 'ते'चं रूप, त्याच जागी टाळी, शेपटाला टाळी द्यायची नाही. आऽबिता, आऽबितानो. दिमेऽन्तिका, दिमेऽन्तिकानो (विसरतात). लहान मुलांसारखं वाटतं म्हणून ती आधी लाजत होती, घरातल्या मुलींसमोर कसं करू म्हणे, मग ट्राममध्ये मांडीवर बोटाने करायला लागली.

देवनागरीला मात्र मी सरसकट नावं ठेवणार नाही. पार्ल्याऽमो मध्ये 'ल्या' हे एकच अक्षर आहे हे आपली लिपी फटकन दाखवते, रोमन लिपीत वाचणारे पार्-लि-या-मो असे चार तुकडे पाडत बसतात. आणि पार्लेरेऽमो (आम्ही बोलू) आणि पार्लेरेऽम्मो (आम्ही बोललो असतो) हा एका म चा फरक, ज्यावर कितीतरी युरोपियन विद्यार्थी रडतात, तो हिला पहिल्या झटक्यात ऐकू आला. कला आणि कल्ला, गडी आणि गड्डी यात वाढलेला कान आहे शेवटी.

दुसऱ्या दुखण्यावर, म्हणजे आऽबितो वर, औषध डिक्शनरीत होतं. इटालियन डिक्शनरीत असं क्रियापद काढलं की मूळ रूपाशेजारी 'मी'चं रूप जोराच्या खुणेसकट दिलेलं असतं, कारण हा घोळ इटालियन लोकांचाही होतो. त्यांच्या सरकारी रेडिओ-टीव्हीने, राईने, १९६९ साली निव्वळ शुद्धलेखन आणि उच्चारांचा एक मोठा कोश काढला, यावरून अंदाज करा. तर तिला सांगितलं, मूळ रूप पाठ करू नकोस, 'मी'चं रूप पाठ कर. मूळ रूपात जोर आबिताऽरे असा मागे पळालेला असतो, त्यातून काही कळत नाही. आऽबितो येत असेल तर आऽबिता, आऽबितानो फुकट मिळतात. सोबतचं नाम माहीत असेल तरी बऱ्याचदा काम होतं, तेलेऽफोनो नाम आणि तेलेऽफोनो मी फोन करतो, इम्माऽजिने म्हणजे प्रतिमा आणि इम्माऽजिना तो कल्पना करतो. बऱ्याचदा म्हटलंय, नेहमी नाही, इच्छा या नामात देसिदेऽर्यो आणि क्रियापदात देसीऽदेरा.

मध्ये एक तिनेच शोधलं, ते मला फार आवडलं. 'बसणे'मध्ये स्येऽदे, स्येऽदोनो, पण सेद्याऽमो. 'मरणे'मध्ये म्वोऽरे पण मोर्याऽमो. ती म्हणाली, ताई, हे आपल्या मूल-मुलाला, फूल-फुलाला सारखं नाहीये का, मागे काहीतरी लागलं की आतला स्वर बारीक होतो. कारणं अगदी एक नाहीत, पण नजर बरोबर आहे. तिथे जोर असेल आणि अक्षर मोकळं असेल तर साधा स्वर फुगून ये किंवा वो होतो, जोर गेला की परत साधा. म्हणून व्येऽने (तो येतो) पण वेऽन्गोनो (ते येतात), कारण दुसऱ्यात जोर असला तरी अक्षर न ने बंद झालंय. याचा व्यवहारात उपयोग असा की असा फुगलेला स्वर दिसला की बहुतेक वेळा जोर तिथेच, स्येदोऽनो म्हणायचा मोहच होऊ नये. काही क्रियापदांनी आता सगळीकडेच फुगलेला स्वर धरलाय, 'वाजवणे' त्यातलं, त्यामुळे डोळे झाकून विश्वास नको. फिनीऽस्को, फिन्याऽमो, फिनीऽस्कोनो मधला तो घुसलेला 'इस्क' तर जोर झेलायलाच आल्यासारखा वागतो, धातूवर जोर म्हणून येऊच देत नाही.

शेपटाची गोष्ट सर्वनामांनाही लागू झाली. 'मला फोन कर' तेलेऽफोनामी, 'विसरून जा ते' दिमेऽन्तिकालो, 'मला ते आणून दे' पोऽर्तामेलो. दोन-दोन सर्वनामं चिकटतात आणि जोर जागचा हलत नाही, रेकाऽपितामेलो (ते मला पोचतं कर) मध्ये तर शेवटून पाचव्यावर आहे. नो ला शेपूट म्हणायची सवय लागली होती म्हणून हे तिला दोन दिवसांत जमलं, एरवी माझ्या वर्गात याला महिना जातो.

साधारण तीन महिन्यांनी तीच यादी परत वाचून घेतली. 'ते'ची रूपं जवळपास सगळी सुधारलेली, घाईत बोलताना एखादं घसरतं. एरे वाल्यांमध्ये रोजच्या वापरातली बरोबर, क्वचित येणारी अंदाजपंचे. एक गोष्ट नवीन बिघडली, पार्लाऽस्सिमो, 'आम्ही बोललो असतो तर' वालं रूप. 'आम्ही'चा जोर शेवटून दुसऱ्यावर अशी तिची खात्री पार्ल्याऽमो, पार्लावाऽमो, पार्लेरेऽमो ने इतकी पक्की केलीये की ती पार्लास्सीऽमो म्हणते आणि तिला ते चुकलंय असं वाटतही नाही. लॅटिनमध्ये खरं तर जोर तिच्याच जागेवर होता, तो नंतर मागे सरकला, म्हणजे ती दीड-दोन हजार वर्षं उशिरा बरोबर आहे. पण सिएनाच्या चिल्स या इटालियन भाषेच्या परीक्षेत हे सांगून मार्क मिळणार नाहीत, त्यामुळे ते अजून चालू आहे.

परवा परत रात्रीचा मेसेज. घरातली तीच कपवाली मुलगी 'पटवून देणे'ला पेर्सुआऽदेरे म्हणाली, हिने डिक्शनरी काढली तर तिथे पेर्सुआदेऽरे. दाखवलं तर ती म्हणे, आमच्याकडे सगळे असंच म्हणतात. "ताई, आता मी कसं म्हणू?" मी म्हटलं परीक्षेत डिक्शनरीसारखं म्हण, आणि स्वयंपाकघरात कोणाला दुरुस्त करत बसू नकोस, अजून वर्षभर त्या घरात राहायचंय तुला.